अर्धा कप यांचा, अर्धा कप त्यांचा

चाचा पक्षपाती होते, असं म्हणणारे लोक अजूनही कुवेतच्या अब्बासियात भेटतात. लग्नाच्या रिसेप्शनला भेटतात, गणपतीच्या आरतीला भेटतात, दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलेले असताना भेटतात. प्लेटमधला ढोकळा संपवता संपवता सांगतात, "माणूस तसा सरळ होता हो, पण शेवटी आपल्या गाववाल्यांकडे झुकला." पूर्वी मी हे ऐकून गप्प बसायचो. आता बसत नाही. आता मी प्लेट खाली ठेवतो आणि विचारतो, तुम्ही त्या दिवशी मैदानावर होता का? बहुतेक जण नसतात. जे होते ते तंबूच्या सावलीत कलिंगड खात होते. तर ज्यांना चाचा कोण हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी, आणि ज्यांना फार ठाऊक आहे असं वाटतं त्यांच्यासाठी तर जास्तच, हे एकदा लिहून टाकतो.

कुवेतला आलेला मराठी माणूस पहिल्या वर्षी नोकरीत रुळतो, दुसऱ्या वर्षी गाडी घेतो आणि तिसऱ्या वर्षी मंडळ काढतो. आमचं मंडळ कॉलेजचं. पुण्याच्या एका इंजिनियरिंग कॉलेजातून वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बाहेर पडलेली आणि शुऐबाच्या तेल-प्लांटांमध्ये पोटं वाढवलेली आम्ही माणसं. असंच एक मंडळ मुंबईच्या कॉलेजचं, एक नाशिकच्या आणि एक कोकणातल्या कॉलेजचं. त्या शेवटच्या मंडळात रत्नागिरी-रायगडकडची मुस्लिम मंडळी जास्त. दर हिवाळ्यात शुक्रवारी सकाळी ही कॉलेजं एकमेकांशी फुटबॉल खेळतात. कॉलेजात असताना ज्यांनी फक्त कॅन्टीनच्या दिशेने धाव घेतली ते इथे येऊन कॉलेजच्या इज्जतीसाठी नडग्या फोडून घेतात. मीही त्यातलाच. बचावात उभा राहायचो. पाठीवर चार नंबर.

या कॉलेजांच्या भांडणात शिट्टी होती ती कॉलेजचं तोंड न पाहिलेल्या माणसाच्या हातात. चाचा सातवीपर्यंत शिकलेले. रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावातून विशी ओलांडायच्या आत कुवेतला आले, ते इथेच राहिले. शुऐबातल्या एका कंत्राटी कंपनीत टूल स्टोअर सांभाळायचे, म्हणजे पाने, पक्कड, टॉर्च, दोरखंड द्यायचे आणि संध्याकाळी परत घ्यायचे. रेफ्रीगिरी कुठे शिकले ते कोणालाच नक्की माहीत नव्हतं. नियमांचं एक जुनं इंग्रजी पुस्तक त्यांच्याकडे होतं. ते त्यांनी खोलीतल्या एका मल्याळी नर्सकडून, त्याची ड्यूटी नसेल तेव्हा, हिंदीत समजावून घेतलं होतं. त्याला दोन वर्षं लागली, असं तो नर्स सांगायचा. आमच्यातले एम.टेक. झालेले लोक ऑफसाइडवरून त्यांच्याशी वाद घालायचे आणि दर वेळी हरायचे.

शुक्रवारी सकाळी ते खोलीवरूनच पूर्ण पोशाखात निघायचे. इस्त्री केलेला काळा शर्ट, काळी अर्धी चड्डी, गुडघ्यापर्यंत ओढलेले काळे मोजे, गळ्यात शिट्टी. अब्बासियाच्या रस्त्यावर त्या वेळी कोणी खबूस, म्हणजे इथली रोटी, आणायला निघालेला असतो, कोणी रात्रपाळीच्या बसमधून उतरत असतो. त्यांच्यामधून हा साठीचा काटक म्हातारा ताठ मानेने चालत जायचा आणि सिग्नल लाल असला तर रिकाम्या रस्त्यावरही थांबायचा. आम्ही गाडीतून जाताना काच खाली करून बसा म्हणालो तर हातानेच "जा" अशी खूण करायचे. मॅचच्या दिवशी ते खेळाडूच्या गाडीत बसत नसत.

नावं त्यांना नको असायची. मी त्यांच्या शिट्टीखाली नऊ वर्षं खेळलो आणि नऊ वर्षं त्यांनी मला चार नंबर म्हणून हाक मारली. मैदानावर ठीक आहे, पण भाजीच्या दुकानात, दवाखान्यात, एकदा तर माझ्या सासूबाईंसमोर सुपरमार्केटात, "काय चार नंबर, बरे आहात?" सासूबाईंना वाटलं मला काहीतरी कैदी-बिदी करून ठेवलंय. मी त्यांना एकदा विचारलं की चाचा, माझं नाव काही अवघड नाही, मग हे काय? ते म्हणाले, "नाव कळला की घर कळतंय, पोरंबाळं कळतात. मग शिट्टी जड होते. मना नंबर पुरे." खेळ चालू असताना तर ते तोंडाकडेही बघत नसत. खाली मान घालून, पायांकडे बघत धावायचे, हरवलेली किल्ली शोधत असल्यासारखे.

आणि चहा. मध्यंतराला दोन्ही संघांचे थर्मास निघायचे. चाचांकडे स्वतःचा स्टीलचा कप होता. आमच्याकडून अर्धा कप घ्यायचे, मग मैदान ओलांडून दुसऱ्या संघाकडून अर्धा. आमचा चहा आलं घातलेला, दुधाचा, दाट. कोकणवाल्यांचा बहुतेक वेळा सुलेमानी, म्हणजे काळा, लिंबू पिळलेला. एकाच कपात गेल्यावर त्याचं काय होत असेल ते गृहिणींनी ओळखावं. दूध फाटायचं, वर चोथा यायचा. चाचा मैदानाच्या बरोबर मध्यावर उभे राहून ते शांतपणे प्यायचे, शेवटच्या घोटापर्यंत. चेहऱ्यावर सुरकुती हलत नसे. आम्ही हसायचो. कोणीतरी म्हणायचं, अहो, एकदा यांचा प्या, एकदा त्यांचा. त्यावर त्यांचं उत्तर असं की मग आज कोणाचा प्यायलो ते लोक लक्षात ठेवतात.

लोक लक्षात ठेवायचेच. आमच्या मंडळींना त्यांच्या प्रत्येक शिट्टीत रत्नागिरी ऐकू यायची. कोकणवाल्यांची तक्रार बरोबर उलटी, की म्हातारा आपल्याच लोकांवर जास्त उखडतो. त्याला कारणही घडलं होतं. त्यांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा कोकणच्या संघात नऊ नंबर होता. एका सामन्यात त्याने नाशिकच्या गोलकीपरला चेंडू सोडून कोपर मारलं. चाचांनी त्याला बाहेर काढलं. पोरगं जाता जाता "मामू, अम्मीला काय सांगू?" असं सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललं. चाचा म्हणाले, "सांग, नऊ नंबर बाहेर गेला." ते वाक्य गावापर्यंत पोचलं आणि बहिणीने त्या ईदला फोन उचलला नाही. हे मला त्यांच्या भाच्यानेच सांगितलं, चाचांनी कधी सांगितलं नाही. आता ज्यांना गाववाल्यांची फार काळजी आहे त्यांनी हा फोनही हिशेबात धरावा.

पण त्यांची खरी तऱ्हा वेगळीच होती, आणि पुढचं सगळं तिच्यावरूनच झालं. सामना सुरू होण्याआधी ते दोन्ही संघांना मधल्या रेषेवर उभं करायचे आणि आपले संबंध मोठ्याने सांगायचे. सगळे. "या संघात माझा भाचा हाय, नऊ नंबर. या संघाच्या सात नंबरने मना मागल्या महिन्यात गुडघ्याच्या गोळ्या आणून दिल्या. त्या संघाचा कीपर माझ्या गावचा, त्याच्या बापाची नि आमची बोलाचाली नाय. हरकत असेल तर आता बोला. शिट्टी वाजल्यावर नको." आणि खरोखर मिनिटभर वाट बघायचे, घड्याळ बघून. नवखे लोक खुदकन हसायचे. जुने लोक बुटाच्या नाड्या बांधायचे. हरकत कोणीच कधी घेतली नाही, कारण घेतली तर दुसरा रेफ्री आणायचा कुठून हा प्रश्न होता. मला तर तेव्हा वाटायचं की ही म्हाताऱ्याची एक पूजाच आहे, होऊन जाऊ द्यावी.

आता अध्यक्षांबद्दल सांगायला हवं. आमच्या कॉलेज मंडळाचे अध्यक्ष हेच चाचांच्या कंपनीचे जनरल मॅनेजर. माणूस हुशार, बोलायला गोड, दिलदारही. दर वर्षी खैरानला समुद्राकाठचं शॅले घेऊन आख्ख्या मंडळाला जेवू घालायचे. चाचांवर त्यांचा जीव होता असं ते स्वतःच सांगायचे. एकदा ते स्टोअरमध्ये टॉर्च घ्यायला गेले तर चाचांनी स्लिप मागितली. हे म्हणाले, अरे, स्लिपवर सही मीच करतो. चाचा म्हणाले, मग करा. अध्यक्षांनी स्लिप लिहिली, सही केली आणि टॉर्च घेतला. हा किस्सा ते प्रत्येक पार्टीत सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "असा आहे आपला चाचा." त्या "आपला"वर जोर असायचा. तो जोर मी तेव्हा ऐकला असता तर बरं झालं असतं.

ज्या हिवाळ्याची ही गोष्ट, त्या वर्षी चाचांची साठी उलटली होती. साठीनंतर आणि पदवी नसताना इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, पुढे चालू ठेवणं त्या काळात सोपं नव्हतं. नियम वरचेवर बदलायचे, आणि कंपनीने मनावर घेतलं, कागद भरले, सही केली तरच काम व्हायचं. चाचांना एकच वर्ष हवं होतं. धाकटी मुलगी रत्नागिरीत बी.फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला जाणार होती. तिच्या पदवीपर्यंत इथे राहायचं आणि मग कायमचं गावी, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांच्या घरातली ती पहिली पदवी. कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांमधून कागद फिरवणारा माणूस, रविवारी कागद नेणार होता. त्यावर सही अध्यक्षांची लागणार होती. आणि त्याआधीच्या शुक्रवारी अंतिम सामना होता, आमचं कॉलेज विरुद्ध कोकणचं.

हे मला गुरुवारी संध्याकाळी कळलं, त्या मल्याळी नर्सकडून. मी सरळ चाचांच्या खोलीवर गेलो. पाच माणसांची खोली, चाचांची खाट बाल्कनीच्या दाराशी. ते खाली बसून बुटांना पॉलिश करत होते. मी म्हटलं, चाचा, उद्या तुम्ही नका उभे राहू. तब्येत बरी नाही म्हणा. मी मुंबईवाल्यांपैकी कोणाला तरी शिट्टी धरायला सांगतो. त्यांनी ब्रश खाली ठेवला नाही.

"त्याचा इकामा कोणाच्या सहीवर हाय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, असेल कोणाच्या तरी.

"मग? चार नंबर, तुमचा पण कोणाच्या तरी सहीवरच हाय. सही लागत नाय असा रेफ्री कुवेतात तुमी कुठनं आणणार?"

मी म्हटलं, निदान उद्या ते सहीचं बोलू नका सगळ्यांसमोर. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी चहा न घेता उठलो.

दुसऱ्या दिवशी मधल्या रेषेवर दोन्ही संघ उभे. अध्यक्ष कडेला पांढऱ्या टोपीत. चाचांनी भाच्यापासून सुरुवात केली, गुडघ्याच्या गोळ्या सांगितल्या आणि मग म्हणाले, "या संघाचे अध्यक्ष माझे साहेब. माझा इकामा त्यांच्या सहीवर हाय. रविवारी कागद जायचा हाय. हरकत असेल तर आता बोला."

कोकणवाल्यांचा कॅप्टन मान खाली घालून उभा राहिला. बोलायला हवं होतं ते त्याने, पण आपल्याच माणसाच्या पोटावर पाय कसा द्यायचा म्हणून तो गप्प. आणि आम्ही काय केलं? टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. अध्यक्ष हसत हसत म्हणाले, "चाचा, आमचा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे." आमच्या दहा नंबरने माझ्या कानात सांगितलं, "काम झालं. म्हाताऱ्याने सगळ्यांसमोर इशारा दिला." आमच्यासारखे शिकलेले लोकच हे करू जाणे. एक माणूस गळ्याला लागलेला फास सगळ्यांना उघडा करून दाखवतो, आणि आम्ही त्याचा अर्थ लावतो की दोर आपल्या हातात आहे.

सामना एक-एक असा अडकला. ऊन वर आलं होतं, जुम्याच्या नमाजाची वेळ जवळ येत होती, आणि आमच्यातले निम्मे लोक धावायचं सोडून नुसते उभे होते. शेवटची दोन-तीन मिनिटं राहिली असताना उजवीकडून चेंडू उंच, थेट आमच्या गोलसमोर आला. माझ्या मागे त्यांचा नऊ नंबर मोकळा होता आणि चेंडू माझ्या डोक्यावरून सरळ त्याच्याकडे चालला होता. मी उडी मारली. पोहोचत नव्हतो. मी डावा हात वर केला आणि बोटांनी चेंडू बाहेर ढकलला. अपघाताने नाही, हेतुपूर्वक. बास, एवढंच झालं. गर्दी होती, माझी पाठ मैदानाकडे होती, आमच्या कीपरलाही काही दिसलं नाही.

शिट्टी वाजली.

फाऊल करणाऱ्याला विचारल्याशिवाय चाचा निर्णय सांगत नसत. कबूल करणारे लोक थोडेच, तरी विचारायचे. ते पळत आले, मान खालीच. "चार नंबर, हात लावलात. मान्य?"

मी म्हटलं, नाही.

"मान्य?"

"नाही चाचा. खांद्याला लागला."

तेव्हा त्यांनी मान वर केली आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. नऊ वर्षांत मैदानावर पहिल्यांदा. दोन-तीन क्षण बघत राहिले. मग वळले आणि पेनल्टीच्या ठिपक्याकडे हात केला.

त्यानंतरचा आरडाओरडा सांगण्यात अर्थ नाही. त्यांनी गोल केला, आम्ही हरलो. अध्यक्षांनी पारितोषिकाच्या वेळी चाचांशी हात मिळवला नाही. माझी बायको घरी आल्यावर म्हणाली की तुमचा हात मला तंबूतून दिसला. मी आंघोळीला गेलो आणि बराच वेळ बाहेर आलो नाही.

रविवारी मंदूब कागद घेऊन गेला. चाचांचा कागद त्यात नव्हता.

मंगळवारी सालमियात एका हॉटेलच्या मागच्या हॉलमध्ये आमच्या मंडळाची बैठक झाली. मोबाइलवरचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा दाखवला गेला. त्यात माझी पाठ दिसते आणि एक कलिंगडाची फोड दिसते. अध्यक्षांनी एक पत्र टाइप करून आणलं होतं. रेफ्रींनी आपल्या तालुक्याच्या संघाला झुकतं माप दिलं, खेळाडूने नकार दिला असतानाही पेनल्टी दिली, सबब यापुढे त्यांना शिट्टी देऊ नये. खाली अकरा खेळाडूंच्या सह्यांच्या जागा. पत्र फिरत फिरत माझ्याकडे आलं तेव्हा दहा सह्या झालेल्या होत्या. आणि पत्राचा सगळा डोलारा उभा होता तो माझ्या "नाही"वर.

मी पेन घेतलं नाही. उभा राहिलो आणि म्हणालो, "हात लागला होता. लागला नव्हता, मी लावला होता."

समोशांच्या ताटल्या वाजायच्या थांबल्या. अध्यक्ष रागावले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि समजावणीच्या सुरात म्हणाले, "ठीक आहे, लागला असेल. पण त्यांना तो दिसणं शक्य नव्हतं. ते पलीकडच्या बाजूला होते. म्हणजे त्यांनी अंदाजाने दिलं. अंदाज आपल्याविरुद्ध केला. म्हणजे पक्षपातच झाला ना?"

ऐका हे. निर्णय चुकला तर पक्षपात, बरोबर आला तर अंदाज, आणि अंदाज म्हणजे पुन्हा पक्षपात. या माणसाने न्यायाला बाहेर पडायला दारच ठेवलं नव्हतं. मी आवाज चढवला. म्हटलं, तुम्हाला रेफ्री नको होता, तुम्हाला स्टोअरकीपर हवा होता, आणि त्यानेही तुमच्याकडे स्लिप मागितली होती हे विसरलात. म्हटलं, शुक्रवारी त्याने तुमच्या तोंडावर विचारलं, हरकत आहे का. तेव्हा टाळ्या कोणी वाजवल्या? कोणीतरी माझी बाही ओढून मला खाली बसवायला लागलं. मी बसलो नाही. पत्र दहा सह्यांनी गेलं. मंडळाच्या ग्रुपमधून मला काढलं, बायकोचं हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं. ती म्हणाली, बरं झालं, दर वर्षी तीच प्लास्टिकची डबी मिळायची.

फुटबॉल वेगळा आणि कंपनी वेगळी, असं अध्यक्ष नंतर सगळ्यांना सांगत होते. चाचांची जागाच कंपनीने रद्द केली होती, धोरणाचा भाग म्हणून. असेलही. धोरण त्याच आठवड्यात सुचलं एवढंच मी म्हणतो. मी दोन-तीन कंपन्यांमध्ये शब्द टाकून पाहिला. सगळीकडे आधी वय विचारलं आणि मग पदवी. महिन्याभरात चाचांना निघावं लागलं.

विमानतळावर सोडायला मी गेलो. भाचा आणि मल्याळी नर्स दोघांनाही ड्यूटी होती. एक सुटकेस, एक दोरीने बांधलेलं खोकं. दुपारची फ्लाइट. गाडीत मी मुलीच्या शेवटच्या वर्षाचं विचारलं. ते म्हणाले, होईल, थोडी ओढाताण होईल पण होईल, गावात भात हाय, मासे हायत. मग मी बैठकीत काय काय बोललो ते त्यांना सांगितलं. खरं म्हणजे मला शाबासकी हवी होती. ते खिडकीतून बाहेर बघत होते आणि ऐकत होते की नाही तेही कळत नव्हतं.

आत गेल्यावर, रांगेत लागण्याआधी, त्यांनी खोकं खाली ठेवलं.

"चार नंबर, त्या दिवशी माझा एक चुकला."

मला धक्काच बसला. हा माणूस कधी चूक कबूल करत नसे. निर्णय दिला की दिला, मग आभाळ कोसळो. मी म्हटलं, चाचा, पेनल्टी बरोबर होती. मी सगळ्यांसमोर सांगितलंय.

"पेनल्टी बरोबरच होती. मना हात दिसला, चांगला दिसला. पण मुद्दाम हात लावला की पिवळा कार्ड द्यायचा असतो. मी दिला नाय."

मी विचारलं, का नाही दिलं?

"तुमी नाय बोललात तेव्हा मी तोंडाकडे बगला. बगायला नको होता. मना वाटला, हा माणूस माझ्यासाठी खोटा बोलतोय. माझी सही जाऊ नये म्हणून. मग कार्ड खिशातनं निघालाच नाय." ते थांबले, आणि मग स्पष्ट म्हणाले, "लोक बोलतात ता खरा हाय. पक्षपात झाला. तुमच्या बाजूने झाला."

मी गप्प राहिलो असतो तर चाललं असतं. त्यांच्या मनात मी चांगला माणूस म्हणून गावी गेलो असतो, आणि एवढं मोठं बिरुद मला आयुष्यात दुसऱ्या कोणाकडून मिळणार नव्हतं. मागे कोणाची तरी ट्रॉली येऊन टेकली. समोर चाचा माझ्या तोंडाकडेच बघत होते.

"चाचा, तुमच्यासाठी नव्हतं," मी म्हटलं. "मला जिंकायचं होतं. तुमच्या सहीची आठवण मला पेनल्टी गेल्यावर झाली."

त्यांनी मान हलवली. रागाने नाही, स्टोअरमध्ये एखादं हत्यार जागेवर परत आलं की हलवतात तशी. मग पासपोर्टच्या मागून, शर्टाच्या वरच्या खिशातून त्यांनी पिवळं कार्ड काढलं. पाय जुळवून उभे राहिले आणि त्या भरल्या हॉलमध्ये, ट्रॉल्या, रडणारी पोरं आणि दोन पोलीस यांच्यादेखत, हात सरळ वर करून मला कार्ड दाखवलं. लोक थांबून बघायला लागले. त्यांनी हात खाली घेतला नाही. घड्याळाकडे बघत पूर्ण वेळ घेतला, मग कार्ड खिशात ठेवलं, खोकं उचललं आणि रांगेत जाऊन उभे राहिले.

मी वाद घातला नाही.